परक्या रस्त्यावर आपली गाडी

‘नेपाळ काय परदेस हाये का भाऊ?’ आमच्या रिसोडात पशुपतिनाथाला गाडीने जायचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेलाच. बरीच वर्षं माझंही मत तेच होतं. १९५०च्या करारापासून माणसाला नेपाळचा व्हिसा लागत नाही, मग गाडीलाच एवढे कागद कशाला? सीमेवरचं भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, हे वाटसरूला अडवून पैसे काढणं आहे, असं मी चारचौघांत ठासून सांगायचो. आज तसं म्हणवत नाही.

मत फिरलं ते गाडीची पॉलिसी नीट वाचली तेव्हा. ‘भौगोलिक क्षेत्र : भारत’ अशी एक ओळ त्यात असते. म्हणजे सीमेवरचं सोनौली ओलांडून पलीकडे बेलहियात चाक टेकलं की विमा संपला. जादा हप्ता भरून तो नेपाळ-भूतानपर्यंत वाढवता येतो, पण आपण मागितला तरच. आपल्या वाशीम रस्त्यावर बाहेरच्या पासिंगचा ट्रक कुणाला धडकला, तर आपण आधी काय विचारतो? गाडी कुणाची, कागद आहेत का, विमा चालू आहे का? जखमीच्या घरच्यांचं पुढचं सगळं त्या उत्तरावर अवलंबून असतं. मग आपली एमएच ३७ पासिंगची गाडी नेपाळातल्या भैरहव्यात एखाद्या सायकलवाल्याला लागली, तर त्याच्या घरच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

इराणसारख्या देशात गाडी न्यायची तर कार्नेट नावाचं हमीचं पुस्तक लागतं. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर, गाडीचा रंगसुद्धा लिहिलेला असतो. प्रत्येक पानाचे तीन भाग : एक देशात शिरताना फाडून घेतात, दुसरा बाहेर पडताना, आणि तिसरा शिक्क्यांसह आपल्याजवळ राहतो. गाडी तिकडेच विकली, तर तिथलं आयातशुल्क हमीतून वसूल होतं, म्हणून संस्था आपल्याकडून आधीच तारण घेते. पूर्वी मला यात नुसता संशय दिसला असता. आता वाटतं, आपल्याला न ओळखणाऱ्या देशाजवळ कुणीतरी आपल्यासाठी जामीन राहतंय, ही केवढी मोठी सोय आहे!

गाडीसारखे चालकाचेही कागद लागतात. आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना परिवहन कार्यालयातून मिळतो आणि वर्षभर चालतो. चीन मात्र तो मानत नाही, तिथे तात्पुरता परवाना वेगळा काढावा लागतो. २०२४मध्ये विराजित मुंगळे लंडनहून चीनमार्गे गाडीने ठाण्याला आईच्या भेटीला आले, तेव्हा लोक किलोमीटर मोजत होते. मला त्यामागच्या परवानग्यांचं अप्रूप वाटलं.

आता कुणी नेपाळला निघालं की मी आग्रहाने सांगतो : पॉलिसी वाढवून घ्या, आरसीची मूळ प्रत ठेवा, गाडी दुसऱ्याची असेल तर त्याचं संमतीपत्र न्या, आणि भन्सार भरताना मुक्कामाचे दिवस खरे सांगा. परक्या गाडीकडून आपण ज्या कागदांची अपेक्षा धरतो, ते सगळे आपल्या गाडीत असले तरच सीमा ओलांडावी.