चित्राच्या शेजारी कवी

भावनगरमधल्या एका घराचा क्रमांक होता १८९०. १९६२ च्या ऑगस्टमध्ये काही तरुण चित्रकार त्या घरात जमले, त्यांनी गट स्थापन केला आणि दारावरचा आकडाच नाव म्हणून उचलला. कुठल्या वादाचं किंवा पंथाचं नाव घेण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत, हे मला फार आवडतं.

पुढच्या वर्षी, २० ऑक्टोबर १९६३ रोजी, दिल्लीच्या रवींद्र भवनात ‘ग्रुप १८९०’चं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते. स्वामिनाथन, हिम्मत शाह, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख अशी एकूण बारा मंडळी. त्यांत एक आपल्या अकोल्याचे, अंबादास खोब्रागडे. कॅटलॉगसाठी गटानं लिहायला सांगितलं ते एका कवीला. ऑक्टाव्हिओ पाझ तेव्हा मेक्सिकोचे राजदूत म्हणून दिल्लीत राहत होते. ‘नोबेल’ अजून सत्तावीस वर्षं लांब होतं.

चित्रकारांना कवीच जवळचा वाटावा, याचं नवल नाही. शेख स्वतः गुजरातीत कविता लिहीत, स्वामिनाथन पत्रकारितेतून आलेले. चित्रानं वास्तवाची नक्कल करू नये आणि वास्तवापासून पळूही नये, ते स्वतःच एक नवं जग असावं, अशी गटाची धारणा. अशा चित्राचा अर्थ कोण समजावून सांगणार? ब्लोटॉर्चनं प्लायवूड जाळून गटातले जेराम पटेल त्यात काळी विवरं उघडत, त्याखाली कुठली ओळ लिहायची? तिथं लेखकानं शेजारी उभं राहून आपल्या परीनं बोलावं, एवढंच त्याला करता येतं.

अंबादासांचं एखादं चित्र अगदी जवळून पाहावं. तैलरंग पातळ करून ओढलेला एकच फटकारा, पण त्याच्या पोटात कितीतरी धागे: एक दाट, एक फिकट, एक मध्येच वळून दुसऱ्यात मिसळलेला. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी उतारावरून वाट काढतं तसे. आकृती शोधायला गेलेला डोळा थोड्या वेळानं शोधणं सोडून देतो आणि नुसता त्या धाग्यांबरोबर वाहू लागतो. सत्तरच्या दशकात ते नॉर्वेला गेले, २०१२ मध्ये ऑस्लोत वारले. रंगांची ही वाहती रीत त्यांनी सोडली नाही.

गटाचं प्रदर्शन मात्र ते पहिलं आणि शेवटचं. पुढं जो तो आपल्या वाटेनं गेला.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले कवी अरुण कोलटकर किंवा ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे चित्रकार प्रभाकर बरवे ज्या भाषेत झाले, तिथं चित्रकार आणि लेखक एकमेकांना इतके परके का राहतात, याची मला मनापासून खंत वाटते. प्रदर्शनाच्या पत्रिकेवर दोन गुळगुळीत परिच्छेद लिहून लेखक मोकळा होतो, तेही बहुधा चित्रांचे फोटो मोबाइलवर पाहून. मला एखादं प्रदर्शन असं हवं आहे, जिथं लातूरच्या किंवा अकोल्याच्या तरुण चित्रकाराच्या खोलीत लेखक सबंध पावसाळा जाऊन बसला असेल. टर्पेंटाइनचा वास सोसत, पुसून टाकलेलं चित्रही पाहत. मग त्याला जे लिहावंसं वाटेल ते लिहावं, कविता, पत्र, भांडणसुद्धा, आणि ते चित्राखाली न लावता समोरच्या भिंतीवर लावावं, चित्राएवढ्याच मोठ्या कागदावर.