ठेका धरणाऱ्याचं नाव

खान्देशातली लग्नपत्रिका वाचायला वेळ लागतो. पणजोबांपासून सुरुवात होते, मग काका, मामा, आत्या, जावई, निमंत्रक, प्रेषक, आणि तळाशी ‘किलबिल’ म्हणून घरातल्या सगळ्या लहानग्यांची नावं. हळद कधी, मंडप कुठे, पंगत किती वाजता, सगळं त्यात असतं. नसतो तो एकच माणूस. वरात ज्याच्या हातांवर चालते, नवरदेवाची घोडी ज्याच्या ठेक्यावर पावलं टाकते, तो ढोल वाजवणारा. लहानपणापासून हा माणूस मला वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वेषांत भेटत आला. त्याच्या वाजवण्याने मी घडले, म्हणून त्याच्याविषयी लिहायचं आहे.

आमचं घर धुळ्यात. ब्रिटिश अमदानीच्या सुरुवातीला कॅप्टन ब्रिग्जने आखलेलं हे गाव, रस्ते सरळ, गल्ल्या नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या. सरळ गल्लीचा एक फायदा असा की बँड आग्रा रोडवरून वळला की ओट्यावर बसल्या बसल्या कळायचं. आधी नुसता मोठ्या ढोलाचा घुमारा पोचायचा. मग बाजूच्या ड्रमची तडतड, मग झांजा, आणि अगदी शेवटी क्लॅरिनेटवरचं गाणं. गाणं ओळखू येण्याआधी ठेका आलेला असायचा. मोठा ढोल एकाच्या पोटावर, तडतडणारा ड्रम दुसऱ्याच्या कमरेला, झांजा तिसऱ्याच्या हातात. तिघं एकमेकांकडे बघतही नसत, तरी तिघांचा मिळून एकच माणूस चालतोय असं वाटे.

मुलींनी बँडपुढे जायचं नाही, असा घरचा दंडक होता. अपवाद श्रावणातला. रोटांचा रविवार झाला की सोमवारी कानबाई देवीचं विसर्जन. त्या दिवशी डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया वाजतगाजत पांझरा नदीकडे निघायच्या, आणि आमच्या घरात वर्षभर पदर न ढळू देणाऱ्या काकूसुद्धा फेर धरायच्या. एकदा गर्दीतून मी ढोलवाल्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. ढोलाच्या कातड्यासमोरची हवा छातीवर आदळत होती. तो मला बाजूला सारत म्हणाला, “पाय देख बेटा, पाय. ताल चुकना की पाय चुकस.” तो स्वतः सगळा वेळ बायांच्या पायांकडे बघत होता. थकलेल्यांसाठी लय किंचित सैल करत होता, तरण्यांसाठी कसत होता. वाजवणं म्हणजे आधी बघणं आणि ऐकणं, हा धडा मला तिथे मिळाला.

तोच माणूस लग्नघरी मात्र मंडपाबाहेर बसलेला दिसे. पंगतीमागून पंगती उठत. सगळ्यात शेवटी, अंधार पडल्यावर त्याच्यासाठी पत्रावळ जाई. आजीला मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “त्यासनी पद्धतच तशी से.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भुसावळला मावशीकडे जायचो. काका रेल्वेत होते. भुसावळ तेव्हा पुरतं रेल्वेचं गाव होतं. गोवेकर, तमिळ, मराठी, अँग्लो-इंडियन अशी कुटुंबं एकमेकांशेजारी राहत. रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाताळात नाच होत, आणि मावशीच्या शेजारी राहणारे एक निवृत्त ड्रायव्हर अंकल तरुणपणी तिथे ड्रम वाजवत असत. त्यांच्या घरच्या कोपऱ्यात, धूळ बसू नये म्हणून चादरीखाली झाकलेला, मी आयुष्यातला पहिला ड्रम सेट पाहिला. मला धक्काच बसला. धुळ्याच्या बँडमधली तीन माणसं इथे एकाच खुर्चीवर बसलेली होती. मोठा ढोल जमिनीवर आडवा, आणि तो पायाने वाजवायचा. तडतडणारा ड्रम गुडघ्यांमध्ये. झांजा दांडीवर टांगलेल्या.

हे असं का, याचं उत्तर मला मोठेपणी पुस्तकांत सापडलं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये कृष्णवर्णीयांच्या ब्रास बँडमध्येही ढोल, ड्रम आणि झांजांना वेगवेगळी माणसं असत. बँड रस्त्यावरून नाचघरात गेला. तिथे जागा कमी आणि मालकाला पैसे वाचवायचे. मग एकालाच सगळं वाजवावं लागलं. शिकागोच्या लुडविग बंधूंनी १९०९ मध्ये मोठ्या ढोलासाठी वेगाने चालणारं पायटं बनवलं, आणि वरातीतली माणसं खुर्चीवरच्या एका माणसात सामावली. जॅझचा ड्रमवादक असा जन्मला.

त्याचंही नाव लगेच कुणी घेतलं नाही. बेबी डॉड्स हा न्यू ऑर्लिन्सचा थोर ड्रमवादक. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडबरोबर तो ध्वनिमुद्रणाला बसला. त्या काळी भोंग्यात वाजवून रेकॉर्ड कापत, आणि ढोलाच्या दणक्याने सुई उडण्याची भीती होती. म्हणून त्याने लाकडी ठोकळ्यांवर काम भागवलं. जगाने जॅझच्या ज्या पहिल्या थोर रेकॉर्डी ऐकल्या, त्यांत जॅझचा ढोल जवळपास नाहीच. डॉड्सचे ड्रम एकट्याने, मोकळेपणी मुद्रित झाले ते १९४६ मध्ये, दोन तपांनंतर. मधल्या काळात जीन क्रुपाने ड्रमवादकाला मंचाच्या पुढे आणलं, केनी क्लार्कने लय ढोलावरून उचलून झांजेवर नेली, आणि मॅक्स रोचने ड्रमवर धून वाजवता येते हे दाखवून दिलं.

हे सगळं तेव्हा मला कुठून कळणार? अंकल रात्री शॉर्टवेव्हवर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ लावायचे. विलिस कोनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम १९५५ पासून जगभर ऐकला जात होता. त्याची ओळखधून ड्यूक एलिंग्टनच्या बँडची, ‘टेक द ए ट्रेन’, आगगाडीचंच नाव असलेली. रेल्वेच्या वसाहतीत, यार्डात शंटिंग चाललेलं असताना ती ऐकली की अंकल हसायचे. त्यांच्याकडे डेव्ह ब्रुबेकची ‘टेक फाइव्ह’ही होती. १९५८ मध्ये ब्रुबेकचा चमू भारतात आला होता, मुंबईत वाजवून गेला होता. त्याचा ड्रमवादक जो मोरेलो. पाच मात्रांचं ते आवर्तन अंकल मला बोटांवर मोजायला लावायचे, तीन आणि दोन. आमच्या भजनी मंडळातला झपताल दोन आणि तीन असा चालतो, म्हणून मी अडखळायचे. ते म्हणायचे, “मोजू नको. बाकीचे काय वाजवतात ते ऐक, आपोआप समजेल.” कानबाईपुढच्या ढोलवाल्याने मला वेगळं काय सांगितलं होतं?

पुढे लग्न होऊन मी जळगावला आले. शाळेत शिकवता शिकवता मिळेल ते संगीतावरचं वाचत गेले, आणि माझ्या लहानपणची गाणी नव्याने ऐकू लागले. पुणतांब्याचे चितळकर रामचंद्र, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त जो झपाटा आणला, तो जॅझचा होता. गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्या चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोवेकर आणि पारशी वादक दिवसा स्टुडिओत जाऊन हिंदी गाण्यांना ठेका देत. कावस लॉर्ड यांनी बोंगोसारखी लॅटिन तालवाद्यं तिथे रुळवली. त्यांचे मुलगे केरसी आणि बुर्जोर तेच काम पुढे घेऊन गेले. धुळ्याचे बँडवाले ज्या गाण्यांवर वराती नाचवत, त्यांचा मूळ ठेका या लोकांचा. रेकॉर्डच्या चकतीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव. यांचं नाही. म्हणजे धुळ्याचा अनामिक ढोलवाला मुंबईच्या अनामिक ड्रमवादकाचा ठेका वाजवत होता, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

अनामिकतेची मुळं खोल आहेत. १७३९ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात गुलामांनी उठाव केला, तेव्हा ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी कायदा करून गुलामांना ढोल बाळगायची बंदी घातली गेली. मालकांना आवाजाची भीती वाटली. आपल्याकडे उलट घडलं. इथे डफडं हिरावलं गेलं नाही, लादलं गेलं. अमुक जातीत जन्मलास म्हणून गावाच्या सणाला, लग्नाला, मयताला तूच वाजवायचं, आणि दूर बसायचं. तिथे ढोल हाती घेणं हे बंड होतं, तर इथे ढोल खाली ठेवणं हे बंड ठरलं. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर कितीतरी घरांनी डफडं खाली ठेवलं, आणि तो निर्णय मला कुठल्याही वादनाइतकाच मोठा वाटतो. बाबासाहेब १९३७ मध्ये खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते. त्या आठवणीने दर ३१ जुलैला तिथे यात्रा भरते. ऐन पावसात, लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी, ढोलकीवर भीमगीतं रंगतात. तिथला ढोल सक्तीचा नाही, स्वतः निवडलेला आहे, आणि वाजवणाऱ्याचं नाव माइकवरून सांगितलं जातं. लळिंगला मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मनात आलं, जॅझने केलं ते हेच. ज्याला मागे बसवलं होतं त्याला पुढे बोलावलं, आपला एकल तुकडा वाजवायला जागा दिली, आणि तो वाजवून झाल्यावर त्याचं नाव पुकारलं.

आणि मग तालवादक त्रिलोक गुर्टू आयुष्यात आले. मुंबईहून भाच्याने त्यांच्या ‘उसफ्रेत’ची कॅसेट आणली, कारण तिच्यावर शोभा गुर्टूंचा आवाज होता आणि मी शोभाताईंच्या ठुमऱ्यांची वेडी. शोभाताई बेळगावच्या, मेनकाबाई शिरोडकरांची लेक. सासरे नारायणनाथ गुर्टू पोलीस अधिकारी आणि सतारवादक. अशा घरात १९५१ मध्ये त्रिलोक जन्मले आणि तबल्यावर वाढले. पाश्चात्त्य रेकॉर्डी कानावर पडल्या तेव्हा एकाच वादकाने वेगवेगळे थर एकावर एक मुद्रित करता येतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ऐकू येतं ते सगळं एकच माणूस एका वेळी वाजवतो, अशी समजूत करून घेऊन ते सगळं एकट्याने वाजवायला शिकले. हे वाचलं आणि मी भुसावळच्या त्या कोपऱ्यात परत जाऊन उभी राहिले. एका माणसात अनेक माणसं!

सत्तरच्या दशकात ते युरोपात गेले, डॉन चेरी आणि चार्ली मारियानो यांच्याबरोबर वाजवू लागले. ‘ऑरेगॉन’ या चमूचा तालवादक कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये मोटार अपघातात गेला, तेव्हा त्याच्या जागी त्रिलोक आले. मग जॉन मॅकलॉफ्लिनबरोबरचं त्रिकूट, आणि लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली १९८९ ची मैफल. स्वतःचं ‘उसफ्रेत’ त्याच्या आधीचं, १९८८ चं, आणि त्यात आई. अमेरिकेच्या ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना सर्वोत्तम तालवादक म्हणून पुन्हा पुन्हा निवडलं.

त्यांना वाजवताना पाहिलं की डोळ्यांत भरते ती बैठक. ते ड्रमच्या उंच खुर्चीवर बसत नाहीत. जमिनीलगत, अर्धवट गुडघ्यांवर असतात. शेजारी तबला. पाण्याने भरलेली बादली, तिच्यात झांज बुडवून बाहेर काढायची, की सूर वाकत खाली जातो. नाचघराच्या मालकाने पैसे वाचवायला ज्या वाद्याला खुर्चीवर बसवलं, त्याला शोभाताईंच्या मुलाने तबल्याशेजारी, गादीच्या उंचीवर आणलं. तरीही ‘उसफ्रेत’मध्ये आई गाऊ लागते तेव्हा हा जगभर नावाजलेला वादक तिच्या स्वरामागे सरकतो, तिच्या श्वासाला जागा करून देतो. ठुमरीची साथ करणारा तबलजी करतो तसं. कानबाईपुढचा ढोलवाला थकलेल्या पायांसाठी लय सैल करायचा तसं. ठेका धरणाऱ्याचं मोठेपण मला इथे पुरतं उमगलं. आवाज सगळ्यात मोठा त्याच्याच हाती असतो, आणि तो दुसऱ्याला ऐकू येईल इतपतच वापरायचा हे तोच ठरवतो.

जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. त्या गर्दीत आता ढोल-ताशा पथकांतल्या मुली कमरेला ढोल बांधून वाजवताना दिसतात आणि मला फार आनंद होतो. लग्नांत मात्र बँडची जागा डीजेने घेतली आहे. भिंती हादरतात, पण त्या यंत्राला वरातीतल्या आजीचे पाय दिसत नाहीत. बँडवाल्यांची पोरं ऑक्टोपॅड शिकली, काही सुरतेला कामाला गेली. बँडवाल्यांकडे जे ऐकण्याचं शिक्षण होतं, ते पुस्तकात कुठे उतरवून ठेवलेलं नाही.

म्हणून लेकीच्या लग्नात मी हट्ट धरला. डीजे नाही, बँड. पत्रिकेत ‘किलबिल’च्या वर एक ओळ, ‘वाद्यवृंद’, आणि पुढे बँडमधल्या प्रत्येकाचं नाव आणि वाद्य. आणि त्यांची पंगत पहिली, मंडपात, व्याह्यांच्या बरोबरीने. नातेवाइकांत कुजबुज झाली, एक-दोघांनी उघड नाराजीही दाखवली. ढोल वाजवणाऱ्या भाऊंनी पत्रिकेच्या चार प्रती मागून घेतल्या, मुलाच्या शाळेत दाखवायला म्हणून. मैफलीत तबलजीचं नाव सांगतो, जॅझच्या मंचावर ड्रमवादकाचं नाव पुकारतात, आणि आपल्या दारात वाजवणाऱ्याला मात्र आपण ‘ए बँडवाला’ म्हणतो. हे बदलायला ना कायदा लागतो ना पैसा. छापखान्यात पत्रिकेचा मजकूर देण्याआधी बँडवाल्यांकडे जायचं आणि विचारायचं, “भाऊ, तुमचं पूर्ण नाव सांगा.”