दोन संगणक, दोन बोली

घरातील दोन संगणकांनी एकमेकांना ओळख न देणे ही वरकरणी तंत्रज्ञाला बोलावून निस्तरण्याची बाब आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाने तिच्यात थोडे लक्ष घातले, तर आपल्याच विषयातला एक प्रश्न तेथे निराळ्या वेषात उभा असल्याचे त्याच्या ध्यानात येते.

आमच्याकडील जुना संगणक विंडोज एक्सपी या २००१ साली आलेल्या प्रणालीवर चालतो. नवा विंडोज ११ वर. जुन्याच्या डिस्कवर मोटेच्या शब्दांचा एक संग्रह आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून ऐकून टिपलेले नाडा, सोंदूर, धाव, थारोळे, चऱ्हाट असे साडेतीनशेच्या आसपास शब्द आणि प्रत्येकापुढे तो ज्या वाक्यात आला ते वाक्य. सांगणाऱ्यांपैकी आज फारसे कोणी हयात नाही. मूळ वह्या वाळवीने संपवल्या. एका विद्यार्थिनीला तिच्या प्रबंधिकेसाठी हा संग्रह हवा होता. जुन्या यंत्राच्या यूएसबीच्या जागा निकामी झालेल्या, त्यामुळे पेनड्राइव्हचा सोपा मार्ग बंद होता. उरले ते घरातले नेटवर्क.

दोन्ही यंत्रे एकाच राउटरला जोडलेली. ‘पिंग’ करून हाक मारली की जुने यंत्र ओ देई. मात्र त्यावरील सामायिक फोल्डर उघडू गेल्यास नवे यंत्र साफ नकार देई. याचे कारण तारेत नव्हते, बोलीत होते. विंडोजचे संगणक आपसांत फाइली देतात-घेतात ते ‘एसएमबी’ नावाच्या संकेतव्यवस्थेने. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना तंत्रज्ञांच्या दस्तऐवजांतही ‘बोली’ या अर्थाचाच इंग्रजी शब्द वापरला जातो. संभाषणाच्या आरंभी एक यंत्र आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पुढे करते, दुसरे तीतून एक निवडते. समान बोली नसेल तर बोलणे तेथेच खुंटते. एक्सपीला केवळ पहिली आवृत्ती येते. विंडोज ११ मध्ये ती मुळात बसवलेलीच नसते.

हा नव्याचा उद्दामपणा म्हणावा, तर तसेही नाही. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच पहिल्या आवृत्तीतील भगदाडातून जगभर पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाजही त्याने विस्कळीत केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ही बोली हद्दपार होऊ लागली. घरगुती संगणकांवर तिचा मागणी करण्यापुरता भाग काही काळ ठेवला गेला, पण अट अशी की पंधरा दिवस ती वापरली नाही, तर यंत्राने ती आपोआप पुसून टाकावी. वापर थांबला की बोली जाते हे आपण वर्गात सांगतो. येथे त्याला मुदतही ठरवून दिलेली आहे.

नव्या यंत्रावर ती पुन्हा बसवता येते. परंतु त्याने भगदाडही परत येते. मार्ग निघाला तो विंडोज ७ च्या एका बाजूला पडलेल्या लॅपटॉपमुळे. त्या प्रणालीला एसएमबीची पहिली आवृत्तीही येते आणि दुसरीही. राउटरची इंटरनेटची तार काढून ठेवली, लॅपटॉपने जुन्याकडून फाइली घेतल्या आणि नव्याने त्या लॅपटॉपवरून उचलल्या. दुभाष्याचे काम अर्ध्या तासात संपले.

फाइली आल्या, मजकूर मात्र आला नाही. पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा खच होता. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत अक्षर साठवले जात नसे, त्याचा आकार रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असे. ‘विहीर’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी आणि ‘व’ नंतर. युनिकोडमध्ये याच्या उलट. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत आणि ते बरेच काम करतात. परंतु ‘चऱ्हाट’चे ‘चर्हाट’ झाले, काही जोडाक्षरे फुटली. नेहमीच्या शब्दांतील अशी चूक कोणताही वाचक सुधारील. जो शब्द कोशात नाही आणि सांगणाराही उरला नाही, तो कशावरून सुधारायचा? मी ते शब्द कानांनी ऐकले होते, म्हणून विद्यार्थिनीशेजारी बसून एकेक ओळ तपासता आली. लॅपटॉपने जे केले तेच काम आता माणसाला करावे लागले.

मोडी कागदांविषयी आपण हळहळतो, तेव्हा तो प्रश्न पूर्वजांचा वाटतो. प्रत्यक्षात अनेक मराठी विभागांच्या कपाटांत प्रबंध, मुलाखती, शब्दसूची अशाच जुन्या फाँटांत पडून असतील. दोन्ही लिपिव्यवस्था हाताळलेली पिढी सध्या चाळिशी-पन्नाशीत आहे. ती निवृत्त होण्यापूर्वी हे साहित्य युनिकोडमध्ये आणून, मूळ संग्राहकाकडून तपासून घेतले पाहिजे. नुसत्या फाइली नव्या यंत्रावर उतरवून ठेवणे म्हणजे जतन नव्हे.