आतली कल्हई

प्रयोगशाळेत मी ज्या प्रथिनावर काम करते, त्याचं नाव मेटॅलोथायोनिन. त्याच्या इवल्याशा कुपीवर ‘मानवी’ असं छापलेलं असतं आणि खाली ‘केवळ संशोधनासाठी’. अम्मीला हे सांगितलं तेव्हा तांदूळ निवडता निवडता तिनं मान वर केली. "इन्सान का? किस इन्सान का?"

प्रश्न रास्त होता. उत्तर असं, की कुणाचंच नाही. हे प्रथिन कसं बनवायचं याची सूचना आपल्या जनुकात असते. ती ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घालतात. जिवाणू वाढतो, ती सूचना वाचतो आणि प्रथिन तयार करतो. कुणाचं रक्त काढावं लागत नाही की कुणाचा अवयव लागत नाही. तरी 61 अमिनो आम्लांचा क्रम मात्र माणसाचाच.

सुरुवात अशी नव्हती. 1957 साली अमेरिकेत मार्गोशेस आणि व्हॅली या संशोधकांना कॅडमियम धरून ठेवणारं हे प्रथिन सापडलं, ते घोड्याच्या मूत्रपिंडात. त्याच्या 61 दुव्यांपैकी 20 सिस्टीनचे. सिस्टीनमध्ये गंधक असतं आणि गंधकाला धातूंची ओढ. एक रेणू जस्ताचे किंवा कॅडमियमचे सात अणू कवेत घेतो. हाताळायला मात्र हट्टी! इतर प्रथिनं 280 नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजता येतात. हे त्या प्रकाशात जवळजवळ दिसतच नाही. हवा लागली की बिघडतं, म्हणून आम्ही त्याला नायट्रोजनखाली जपतो.

अब्बांना यातलं बरंच लवकर कळलं. ते कल्हई करायचे. भट्टीवर पातेलं तापवून नवसागर टाकायचा, कथील टेकवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचं. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं, कारण तांबं त्यात उतरतं. "मग हे प्रथिन म्हणजे पोटातली कल्हईच की!" ते म्हणाले.

उपमा मला आवडली. धातू वाढला की पेशी स्वतःच हे प्रथिन जास्त बनवते, हेही त्यांना पटलं. पण एक फरक आहे. कल्हई धातूला अन्नात उतरू देत नाही. मेटॅलोथायोनिन आत आलेल्या धातूला धरून बसतं. कॅडमियमला तर जस्तापेक्षाही घट्ट. यकृतातून ते कॅडमियमसह रक्तात येतं, मूत्रपिंडात पोचतं आणि तिथं मोडतं. सुटलेल्या कॅडमियमला मूत्रपिंडातलं मेटॅलोथायोनिन पुन्हा धरतं. असं करत शरीरातलं कॅडमियम मूत्रपिंडात साठत जातं. ते निम्मं व्हायलाही दहा ते तीस वर्षं लागतात. धरण्याची ताकद संपली की इजा सुरू होते. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं. तिथल्या लोकांची, विशेषतः वयस्क बायकांची, मूत्रपिंडं आणि हाडं त्यानं पोखरली. सरकारनं ते मान्य केलं 1968 साली.

अब्बांची मूत्रपिंडं थकली ती मधुमेहानं, असं डॉक्टर सांगतात. बिडी मात्र चाळीस वर्षांची, आणि तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानांत ओढून घेतं. एका संध्याकाळी ते म्हणाले, "तुझ्या फ्रीजमधलं ते औषध मला टोचता येणार नाही का?"

विनोदानं म्हणाले, पण डोळे विनोदाचे नव्हते. मी सांगितलं, "अब्बा, ते औषध नाही. कॅडमियम धरलेलं हेच प्रथिन प्रयोगात उंदरांना टोचलं, तर ते थेट मूत्रपिंडात जाऊन तिथंच इजा करतं." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सांभाळणाराच शेवटी मारतो?"

तसंही नाही. सांभाळणाऱ्यावर आपण किती लादतो, हा खरा प्रश्न आहे. मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम बाहेर काढण्याचं खात्रीचं औषध आजही नाही. म्हणून ते आत येऊच न देणं हाच उपाय; नदीत नको, भातात नको, धुरात नको. कुपीतलं प्रथिन कुणाला बरं करणार नाही. ते धातूला कसं धरतं आणि केव्हा सोडतं, एवढंच ते सांगतं. त्यासाठी कुणा माणसाला झिजावं लागत नाही, याचं मला समाधान आहे.