गुणी चेहऱ्याचा कॅन्सर

बिघडलेल्या पेशी ओळखणं हे आम्हा पॅथॉलॉजिस्टांचं रोजचं काम. फुगलेलं केंद्रक, गडद रंग, मोडलेल्या रांगा दिसल्या की निदानाला फार वेळ लागत नाही. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक दुर्मीळ प्रकार असा आहे की त्याच्या पेशी जवळजवळ निरोगी पेशींसारख्या दिसतात. १८७० मध्ये अडोल्फ गुसेरो या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं. आज तो ‘गॅस्ट्रिक टाइप अडिनोकार्सिनोमा’ या गटात मोडतो. जठराशी त्याचा संबंध इतकाच की गर्भाशयमुखातल्या या ग्रंथी जठराच्या अस्तरासारखा स्राव तयार करू लागतात.

या आजाराचा नेहमीचा प्रकार आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. भारतात २०२२ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. नेहमीच्या प्रकाराच्या मुळाशी एचपीव्ही हा विषाणू असतो. हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३-८४ मध्ये त्याचे दोन घातक प्रकार शोधले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एचपीव्हीची तपासणी किती कामाची आहे, हे जगाला दाखवलं ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, खेड्यांतल्या बायकांनी. तिथल्या सुमारे १,३०,००० स्त्रियांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत ही तपासणी एकदाच झाली होती, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

गॅस्ट्रिक प्रकारात मात्र हा विषाणू नसतोच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या वर्गीकरणात त्याला एचपीव्हीशी संबंध नसलेल्या गटात ठेवलं आहे. एचपीव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो, आणि तो खोटा नसतो. विषाणू आहे का, एवढंच त्या चाचणीला विचारलेलं असतं. पॅप स्मिअरही अनेकदा चकतो. गाठ गर्भाशयमुखाच्या नळीत वर आणि खोल असते, ब्रश फिरतो पृष्ठभागावर. चार पेशी हाती लागल्याच, तरी त्या साळसूद दिसतात.

बाई मात्र सांगत असते, ‘अंगावरून पाणी जातंय.’ पातळ, भरपूर, कधी चिकट. इन्फेक्शन समजून गोळ्या दिल्या जातात, पुन्हा दिल्या जातात. तपासताना गर्भाशयमुखावर जखम दिसेलच असं नाही. कधी ते नुसतं जाड आणि टणक लागतं. अशा वेळी एमआरआयमध्ये आत खोलवर पाण्याच्या बारीक गाठी दिसू शकतात. वरवरचा तुकडा काढून भागत नाही, खोल बायोप्सी लागते. स्लाइडवर मी आधी पेशीचा चेहरा पाहत नाही, ग्रंथी किती खोल गेल्या आहेत ते पाहते. जिथे त्यांचं काही काम नाही तिथे त्या पोचलेल्या असतात, आणि शोधलं तर एखाद्या कोपऱ्यात बिघडलेल्या पेशीही सापडतात.

काही जणींत याची मुळं आनुवंशिक असतात. प्यूट्झ-येगर्स सिंड्रोममध्ये ओठांवर आणि तोंडात काळपट ठिपके येतात, आतड्यात पॉलिप होतात. एसटीके११ या जनुकातल्या दोषामुळे हे घडतं. अशा स्त्रियांना या कॅन्सरचा धोका जास्त असतो.

दिसायला गुणी असला तरी हा आजार नेहमीच्या प्रकारापेक्षा आक्रमक आहे. तो अंडाशयात आणि पोटाच्या आतल्या आवरणावर पसरतो, रेडिएशन आणि केमोथेरपीला कमी दाद देतो. लवकर सापडला तर शस्त्रक्रियेचा खरा उपयोग होतो.

हे वाचून एचपीव्हीची लस किंवा तपासणी टाळू नका. गर्भाशयमुखाचा बहुतांश कॅन्सर याच दोन उपायांनी रोखता येतो. पण स्क्रीनिंग ही तक्रार नसलेल्या बाईसाठी असते. तक्रार घेऊन आलेल्या बाईचं निगेटिव्ह रिपोर्टवर समाधान करू नये. तिची नीट तपासणी व्हायला हवी.

माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. नमुन्यासोबतच्या फॉर्मवर ‘रूटीन’ लिहून पाठवू नका. ‘औषधांनी न थांबणारं पाणी’ एवढं लिहा. ते वाचलं की मी त्या तुकड्याचे आणखी काप घेते आणि खोलवर शोधते.