उकाड्यातले डार्क

अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफी शिकवणाऱ्या परदेशी व्हिडिओंमध्ये हल्ली एक सल्ला सर्रास ऐकू येतो. आताचे सेन्सर खूप सुधारले आहेत, तेव्हा डार्क फ्रेम घेण्यात रात्र घालवू नका, तो वेळ आकाशाला द्या. सल्ला देणारा जाड जॅकेटात असतो, बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत असते. त्याच्या गावी त्याचे म्हणणे खरेच असेल. भिवंडीत मात्र एप्रिलच्या रात्री अकरा वाजताही गच्चीवर शर्ट पाठीला चिकटलेला असतो, आणि ट्रायपॉडवरचा कॅमेराही त्याच हवेत उभा असतो. या हवेत डार्क टाळता येत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

कारण सिलिकॉनच्या स्वभावात आहे. सेन्सरवर प्रकाश पडला की सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटतात. ते मोजले की चित्र तयार होते. पण इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेनेही सुटतात आणि मोजणाऱ्या सर्किटला हे आणि ते वेगळे ओळखता येत नाहीत. एका पिक्सेलमध्ये 300 इलेक्ट्रॉन जमले, तर त्यांतले किती मृगातल्या तेजोमेघाचे आणि किती उकाड्याचे, हे त्या फोटोकडे पाहून कुणीही सांगू शकत नाही. म्हणून लेन्सला झाकण लावायचे आणि तेवढ्याच सेकंदांचे, त्याच आयएसओचे, त्याच तापमानाचे फोटो घ्यायचे. हेच डार्क. त्यांत प्रकाश नसतो. जे उमटते ते कॅमेऱ्याचे स्वतःचे. ते खऱ्या फोटोतून वजा करायचे.

आता ‘त्याच तापमानाचे’ या अटीकडे बघा. उष्णतेने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या साधारण दर 6 अंश सेल्सिअसला दुप्पट होते. युरोपातल्या हिवाळी रात्री सेन्सर 8 अंशांवर आणि आमच्या गच्चीवर 38 वर असेल, तर मधले अंतर 30 अंशांचे. म्हणजे पाच वेळा दुप्पट, म्हणजे 32 पट. 38 हा आकडा फुगवलेला नाही. बॅटरी, स्क्रीन आणि सर्किट मागून तापवत असल्याने सेन्सर हवेपेक्षा नेहमीच गरम राहतो.

शेजारच्या इमारतीतला कॉलेजात जाणारा एक मुलगा अधूनमधून माझ्याबरोबर गच्चीवर येऊन बसतो. त्याला मी 180 सेकंदांचा एक डार्क लॅपटॉपवर दाखवला. “काका, हा तर नुसता काळा आहे.” मी त्याची चमक हळूहळू वाढवत नेली. आधी तांबडे, निळे, हिरवे ठिपके उमटले, शेकड्यांनी. (हे रंग पिक्सेलवर बसवलेल्या फिल्टरचे, खुद्द ठिपक्याला रंग नसतो.) मग उजव्या कडेने जांभळट उजेड आत पसरलेला दिसू लागला. शेजारी गरम सर्किट आहे, हे त्याचे कारण. सगळ्या चित्रावर आडव्या-उभ्या बारीक पट्ट्यांची वीणही होती. मी दुसरा डार्क उघडला, मग तिसरा. ठिपके जागचे हलले नव्हते. मुलाच्या घरी लूम आहेत. तो म्हणाला, “म्हणजे ताण्यातला धागा तुटल्यासारखं. पूर्ण ताग्यात त्याच जागी रेघ येत राहणार.” हॉट पिक्सेलचे याहून नेमके वर्णन मी ऐकलेले नाही.

आकाश मात्र जागच्या जागी राहत नाही. माउंट कितीही चांगले असले तरी तारे फ्रेमागणिक थोडे सरकतात. स्टॅकिंग करताना, म्हणजे फोटो एकावर एक रचताना, सॉफ्टवेअर ताऱ्यावर तारा बसवते, आणि मग न हलणारे ठिपकेच एका दिशेने ओढले जाऊन रंगीत रेघोट्या होतात. देवयानी दीर्घिकेच्या अंधूक बाह्य भागावर अशा रेघोट्या आल्या की तिथले धुळीचे पट्टे वाचता येत नाहीत. मुद्दाम कॅमेरा थोडा थोडा हलवत राहण्याची युक्ती, डिदरिंग, यावर पुष्कळ उपयोगी पडते आणि मीही ती वापरतो. पण तिने कडेचा जांभळा उजेड जात नाही.

डार्क वजा केला म्हणजे हिशेब पुरा झाला, असेही नाही. वजा होते ती सरासरी. एखाद्या पिक्सेलमध्ये उष्णतेचे सरासरी 100 इलेक्ट्रॉन जमत असतील, तर एका फोटोत 92 येतील, दुसऱ्यात 109. साधारण 10 चा हा चढउतार कुठल्याही वजाबाकीने जात नाही. उलट एकच डार्क वजा केला, तर त्याचा स्वतःचा चढउतार आपल्या चित्रात येऊन मिसळतो. म्हणून पुष्कळ डार्क घेऊन त्यांचा एक मास्टर बनवतात. 25 घेतले की तो आगंतुक चढउतार पाचावा हिस्सा उरतो. कॅमेऱ्याच्या मेनूत लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाची सोय असते, ती मी बंद ठेवतो. प्रत्येक फोटोनंतर ती एकच डार्क घेते आणि निम्मी रात्र त्यात जाते.

प्रकाश प्रदूषणावर तर डार्कचा काडीचाही उपयोग नाही. मानकोली, पूर्णा, काल्हेरच्या गोदामांचे आणि नाशिक हायवेचे दिवे आकाशातून खाली येतात, झाकणाआड ते नसतातच. त्यासाठी भिवंडी सोडावी लागते. अंबाडी, वाडा, विक्रमगड करत जव्हारपर्यंत गेले, की वृश्चिकाच्या शेपटीपाशी आकाशगंगा नुसत्या डोळ्यांना उठून दिसते.

साध्या डीएसएलआरवर खरी कसोटी लागते ती तापमान जुळवताना. अनेक कॅमेरे फाइलमध्येच आपले तापमान नोंदवतात. जव्हारला रात्री पहिल्या फ्रेमला 27 असलेला आकडा सलग तासाभराच्या कामानंतर 34 वर गेलेला असतो. पहाटेकडे हवा उतरते, तसा तोही उतरतो. सगळे डार्क शेवटी घेतले तर ते मधल्या गरम फ्रेमना पुरे पडत नाहीत. माझी पद्धत अशी: मध्यरात्री, कामाच्या भरात, काही डार्क घ्यायचे, बाकीचे पहाटे, पूर्वेला उजाडून आकाश हातचे गेल्यावर. झाकण लावलेल्या कॅमेऱ्याला उजाडल्याचे सोयरसुतक नसते, फक्त व्ह्यूफाइंडरवर काळे कापड घट्ट बांधावे लागते, नाहीतर तिथून उजेड आत शिरतो. नंतर तापमानाप्रमाणे फायलींचे गठ्ठे पाडायचे. मध्यरात्रीचे ते डार्क चालू असताना डोक्यावर स्वच्छ आकाश असते आणि हात शिवशिवतात, हे खरे. तरी तो वेळ मी देतो.

परदेशी सल्ल्याला उत्तर म्हणून मला हबल दुर्बीण आठवते. तिच्यावरच्या वाइड फील्ड कॅमेरा 3 चा दृश्य प्रकाशाचा सेन्सर शून्याखाली 80 अंशांपेक्षाही थंड ठेवलेला असतो. एवढ्या थंडीतही त्याचे डार्क नियमित घेतले जातात. अंतराळातल्या किरणोत्साराने नवे हॉट पिक्सेल होत राहतात, आणि त्यांतले काही बुजावेत म्हणून महिन्यातून एकदा सेन्सर मुद्दाम खोलीच्या तापमानापर्यंत गरम करतात. जिथे उपकरणावर इतका खर्च झाला आहे, तिथेही ते काळोखात काय बोलते हे पुन्हा पुन्हा विचारले जाते.

सेन्सर विजेवर थंड करणारा खगोल-कॅमेरा हाती आला, तेव्हा डार्कचे वेळापत्रक पालटले. असे कॅमेरे हवेपेक्षा 35 अंश वगैरे खाली जातात. मे महिन्यातल्या 30 अंशांत उणे 5 गाठताना त्याची दमछाक होते, म्हणून मी बारा महिने 0 अंशच ठरवून ठेवला आहे. थंडीत उणे 15 सहज मिळते, पण एकच तापमान धरले की एकच डार्कसंग्रह वर्षभर चालतो. हा संग्रह करायचा तो पावसाळ्यात. दमट हवेत थंड सेन्सरवर दव धरू नये म्हणून आधी सिलिका जेल बदलायचे. कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवायचा, कारण काही प्लास्टिकच्या झाकणांतून दिवसाचा इन्फ्रारेड प्रकाश झिरपतो आणि डार्क नासतो. मग 60, 120, 180, 300 सेकंदांचे संच लावून आपण कामावर जायचे. जुने मास्टर वर्षापेक्षा जास्त ठेवत नाही. जमिनीवरही कॉस्मिक किरण येतच असतात, वर्षभरात काही पिक्सेल नव्याने बिघडतात, आणि आषाढातल्या संचाशी गेल्या वर्षीचा संच ताडून पाहिला की ते कोणते, हे दिवाळीच्या अमावास्येला जव्हारला निघण्याआधीच कळलेले असते.