महाराज काय बोलत्यात ते कळंना

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आईचा फोन आला, की अण्णांचा हेडफोन बिघडलाय. आमच्या घरी कानात घालायच्या कुठल्याही वायरीला हेडफोनच म्हणतात. मी हिंजवडीत ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभी होते.

"बिघडलाय म्हणजे नेमकं काय होतंय?"

आईनं बहुतेक फोन अण्णांपुढे धरला. लांबून त्यांचा आवाज आला. "पेटी वाजत्या, मृदंग घुमतोय. महाराज काय बोलत्यात ते कळंना."

मला चक्क आनंद झाला. कारण हा बिघाड मला तोंडपाठ होता.

कॉलेजात असताना माझ्याकडे रस्त्यावरून घेतलेला एक इअरफोन होता. त्यात गाणं लावलं की सगळी वाद्यं यायची, पण गाणारी गायब. कुठेतरी खोल विहिरीत गेल्यासारखा तिचा आवाज. आणि वायरीवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरलं की बाई एकदम शेजारी येऊन गायला लागायची. सहा महिने मी ते बटण दाबून गाणी ऐकली. अंगठ्याला घट्टा पडायचा बाकी होता.

त्यामागचं कारण नंतर कळलं. साध्या माइकवाल्या इअरफोनची पिन नीट बघा. तिच्यावर तीन पट्टे दिसतील, म्हणजे धातूचे चार तुकडे. टोक डाव्या कानाचं, त्यामागचं उजव्या कानाचं. उरलेल्या दोनांत एक माइक आणि एक ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची परतीची सामाईक वाट. गंमत अशी, की या शेवटच्या दोघांचा क्रम कसा ठेवायचा यावर कंपन्यांचं एकमत नव्हतं. ओएमटीपी नावाच्या पद्धतीत माइक आधी आणि ग्राउंड शेवटी, सीटीआयएमध्ये उलटं. पुढे सीटीआयए जिंकलं, पण जुन्या पद्धतीच्या वायरी बाजारात फिरत राहिल्या. नव्या फोनात जुनी वायर घातली, की ग्राउंडला ग्राउंड मिळत नाही. बटण दाबल्यावर माइक आणि ग्राउंड आतल्या आत जोडले जातात, म्हणून तेवढ्यापुरतं सगळं सुरळीत.

पण मग सगळंच बंद का पडत नाही? गाणारीच का जाते? कारण परतीची वाट तुटली, की दोन्ही कानांच्या तारा एकमेकींतूनच वाट काढतात, आणि आपल्याला ऐकू येतो तो डाव्या-उजव्यातला फक्त फरक. वाद्यं थोडी इकडे, थोडी तिकडे ठेवलेली असतात, त्यांचा फरक उरतो. गाणारी मात्र बरोबर मधोमध असते, दोन्हीकडे सारखीच. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य.

हे सगळं मी आईला फोनवर समजावलं. ती म्हणाली, "बेंदराला येशील तेव्हा बघ."

बेंदराला इचलकरंजीला गेले. पुरणपोळी खायच्या आधी अण्णांचा फोन हातात घेतला, वायर लावली, एक जुनं सिनेमातलं गाणं लावलं. गाणारी गायब! बघा, म्हटलं ना? वायर काढून टॉर्च मारला, तर फोनच्या भोकात तळाशी पांढरं काहीतरी गच्च बसलेलं. लाकडी टूथपिकनं हळूहळू उकरून काढलं. कापूस होता. अण्णा यंत्रमागावर काम करतात, फोन शर्टाच्या खिशात. हवेतला कापसाचा कचरा वर्षभर त्या भोकात जाऊन बसत होता आणि वायर घालताना आम्ही तोच आणखी ठासत होतो. पिन शेवटपर्यंत जातच नव्हती. (भोकात सुई किंवा टाचणी घालू नका. आतल्या पत्र्या नाजूक असतात.)

कचरा निघाल्यावर पिन टक् करून बसली. गाणारी परत आली. मी वायर अण्णांच्या कानात घातली. ते जरा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "हां. आलं."

सॉफ्टवेअर टेस्टिंग हे माझं पोटापाण्याचं काम आहे. आमच्यात नव्या पोरांना पहिल्या महिन्यात शिकवतात, की एक बग सापडला म्हणून हुरळून जाऊ नका, दुसरा त्याच्याच आड उभा असतो. मी स्वतः हे दोन बॅचना शिकवलंय.

दहा दिवसांनी आईचा फोन. परत तसंच.

मग मी लांबून दुरुस्त्या सुरू केल्या. दुसरा इअरफोन पाठवला, चांगल्यातला. तक्रार तीच. मग वाटलं, जॅकच झिजला असेल, म्हणून माझा जुना फोन त्यांना दिला. त्याला गोल भोकच नव्हतं, टाइप-सी होतं. म्हणून जोडायला छोटा अडॅप्टर घेतला. तो लावला तर आवाजच येईना, कारण टाइप-सीचे अडॅप्टर दोन तऱ्हेचे असतात. एकात आकडी सिग्नलचा आवाज करणारी चिप असते, दुसऱ्यात नुसत्या तारा. नुसत्या तारांचा अडॅप्टर काहीच फोनांवर चालतो. चिपवाला मागवला. आवाज आला. "पण महाराज..."

फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून जे सदर असतं, तिथे मोनो ऑडिओ सुरू करायला लावला, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज जातो. हे करायला आईला फोनवर पस्तीस मिनिटं लागली. ती एकेक शब्द वाचायची, मी हो-नाही म्हणायचे, आणि मागून अण्णा अधूनमधून विचारायचे, "काय म्हणत्या?" शेवटी मी वैतागून म्हणाले, "अण्णा, तुम्ही ते नीट कानात घालतच नसाल. एल आणि आर लिहिलेलं असतं, ते तरी बघा ना." ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, चूक कळली.

दिवाळीला ब्लूटूथवाले घेऊन गेले. वायर नाही, पिन नाही, ग्राउंडचा प्रश्नच नाही. त्यांनी कानात घातले, कीर्तन लावलं, आवाज शेवटपर्यंत नेला. इतका, की पलीकडे बसून मला अभंग ओळखता येत होता. आणि मग कान काढून, जरा अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "चांगला हाय. पण ह्येच्यातबी तसंच हाय बघ."

दोन फोन आणि तीन इअरफोन झाले होते. या सगळ्यात न बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती माझ्यासमोर खुर्चीत बसली होती.

डावा इअरफोन बंद पडलाय की काय, हे बघायची सगळ्यात सोपी चाचणी फुकट असते. डावा उजव्या कानात घाला, उजवा डाव्या कानात. शांतता बाजू बदलून गेली तर वस्तू बिघडलीय. इतके महिने मी ही चाचणी घेतली नव्हती, कारण तिचं दुसरं उत्तर मला सुचलंच नव्हतं. मी एकच इअरफोन आधी त्यांच्या उजव्या कानात घातला. "येतोय." तोच काढून डाव्यात घातला. "ह्यो जरा बारीक हाय."

"हा तोच आहे अण्णा. त्याच कानातला काढून घातला."

"आसंल की मग."

आणि उजव्यातही महाराज काय बोलतायत ते कळत नव्हतंच. आवाज येत होता, शब्द येत नव्हते.

अण्णा सतराव्या वर्षी मागावर उभे राहिले, आता अठ्ठावन्न आहेत. ज्यांनी मागाचा कारखाना आतून बघितला नाही त्यांना सांगते, तो आवाज कानाला येत नाही, छातीला येतो. लाकडी धोटा या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि असे माग दोन्ही बाजूंना रांगेनं. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी नव्वदची मर्यादा आहे. गोंगाटानं येणारा बहिरेपणा हा तर १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंदवण्याजोगा आजार होता. पण हे मला आत्ता, गूगलवरून कळलं. अण्णांना चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि कानात घालायला बोंडभर कापूसही कुणी दिला नाही. कापसाच्या कारखान्यात!

लहानपणी डबा द्यायला जायचे तेव्हा मला तिथलं बोलणं फार आवडायचं. माणसं ओठ मोठे करून, बोटांनी, भुवयांनी बोलायची. कांडी संपली, चहा सांग, शेठ आला, सगळं चार मागांपलीकडून. अण्णा त्यात पटाईत. घरीही ते समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून ऐकतात. मला वाटायचं, किती मन लावून ऐकतात.

फोनवर तोंड दिसत नाही.

हे मला त्या दिवाळीत, बाहेर फटाके वाजत असताना लक्षात आलं. मी नऊ वर्षं पुण्यात आहे. नऊ वर्षं अण्णांचं फोनवरचं बोलणं असं : "बरं हाय न्हवं? जेवलीस? थांब, आईकडं देतो." मी काय उत्तर दिलं ते ऐकायच्या आत फोन आईकडे गेलेला असायचा. मी मैत्रिणींना सांगायचे, आमचे अण्णा ना, फोनवर बोलतच नाहीत, त्यांना आवडत नाही. एकदा नोकरी गेली होती तेव्हा मी फोनवर रडत होते आणि ते म्हणाले होते, "बरं बरं, छान. थांब, आईकडं देतो." त्याचा राग मी बरीच वर्षं जपून ठेवला होता.

सांगलीला तपासणी झाली. एका बंद खोलीत बसवून, कानात वेगवेगळ्या उंचीचे बारीक आवाज सोडतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. हाती एक आलेख येतो. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. डावीकडे खालच्या पट्टीचे आवाज, उजवीकडे वरच्या पट्टीचे, आणि रेघ जितकी खाली तितकं कमी ऐकू येतं. अण्णांची रेघ सुरुवातीला बऱ्यापैकी सपाट चालते आणि चार हजार हर्ट्झपाशी घाटातनं कोसळावी तशी खाली जाते. डावी जास्त. स्वर बहुतेक खालच्या पट्टीत असतात, म्हणून आवाज येतो. स, श, थ, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, ती पडतात. साप, शाप, थाप सगळं नुसतं "आप". बोलणाऱ्याचे ओठ दिसत असले तर मेंदू मधल्या जागा भरून घेतो. साध्या जुन्या फोनलाईनवर तर ३४०० हर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं मुळातच कापलेलं असतं.

आतल्या कानातल्या त्या पेशी परत उगवत नाहीत. डॉक्टरांनी हे सरळ सांगितलं, आणि इअरफोनचा आवाज शेवटपर्यंत न्यायचा नाही, असंही. अण्णा माझ्याकडे बघून हसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "कारखान्यात समद्यांचंच आसं आस्तं गं. त्यात काय दाखवायचं."

"मग हेडफोन बिघडलाय असं का सांगत होता तुम्ही?"

"तू म्हणालीस बिघडलाय. मला वाटलं आसंल."

कानामागच्या यंत्राची किंमत ऐकून ते दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तीन आठवडे वापरून बघायला मिळतं म्हटल्यावर तयार झाले, तेही परत करायचंच या हिशोबानं. पहिल्या दिवशी सगळ्याचा त्रास झाला. पिशवीचा आवाज, नळाचा आवाज, आईच्या बांगड्या. "ही एवढी वाजती व्हय," असं आईकडे बघून म्हणाले, ते बांगड्यांबद्दल होतं की आईबद्दल, कळलं नाही.

संध्याकाळी मी फोन टेबलावर ठेवला, वायरबियर काही न लावता, आवाज निम्म्यावर. त्यांचं नेहमीचंच कीर्तन. महाराजांचं बोलणं पूर्ण कळत होतं का, मी विचारलं नाही. ते टेबलाकडे वाकून ऐकत होते. मग अभंग सुरू झाला आणि त्यांनी हात वर करून मला थांबवलं, मी काही बोलत नव्हते तरी.

"टाळ हायत ह्यात," ते म्हणाले. "हे आधीपासनं व्हते?"